टाकीपासून इंजिनापर्यंत : इंधन पंपाचा शंभर वर्षांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #तंत्रज्ञानाचाइतिहास

१/२४
आजच्या मोटारसायकलची किल्ली फिरवली की इंजिन सुरू होण्यापूर्वीच टाकीतून दोन-तीन सेकंद एक बारीक गुणगुण ऐकू येते. तो इंधन पंपाचा आवाज असतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जाऊन हा पंप आला. आधीच्या पिढीला हा आवाज ठाऊक नव्हता. तिला ठाऊक होते ते सुरू न होणारी चेतक एका अंगावर तिरकी करून, पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ओघळू देऊन, मग मारलेली किक.

२/२४
या दोन दृश्यांच्या दरम्यान एका दुर्लक्षित यंत्रभागाचा मोठा इतिहास आहे. वेगवान वाहनांच्या कथांमध्ये इंजिनाचे कौतुक होते, चालकाचे होते, क्वचित टायरचेही होते. टाकीतून इंजिनापर्यंत पेट्रोल कसे गेले, हे सहसा कोणी विचारत नाही. तरीही शक्ती वाढवण्याचा प्रत्येक मोठा प्रयत्न कधी ना कधी याच वाटेवर अडला. १९४० साली तर हा अडथळा वैमानिकांच्या जिवावर बेतत होता.

३/२४
प्रथम मूळ तत्त्व. पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिनात अधिक हवा कोंबली की त्याच प्रमाणात अधिक पेट्रोल द्यावेच लागते. पेट्रोल कमी पडले तर मिश्रण विरळ होते, तापमान वाढते, ठिणगीची वाट न पाहता मिश्रण स्फोटासारखे पेटते आणि पिस्टनला भोक पडू शकते. पेट्रोल फार झाले तर काळा धूर निघतो आणि इंजिन गुदमरते. म्हणून इंधन पुरवठ्याची खरी कसोटी नेमकेपणाची असते : हवे तेव्हा, हवे तितके, योग्य दाबाने.

४/२४
मोटारींच्या आरंभकाळी हे काम गुरुत्वाकर्षण करीत असे. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत टाकी पुढच्या आसनाखाली होती आणि पेट्रोल उताराने कार्ब्युरेटरकडे वाहत असे. टाकी अर्धीमुर्धी असताना उभा चढ लागला की इंजिन टाकीपेक्षा उंचावर जाई आणि पेट्रोल येणे थांबे. त्यावर चालकांनी शोधलेला उपाय प्रसिद्ध आहे : गाडी उलटी वळवायची आणि रिव्हर्स गिअरमध्ये मागे-मागे चढ चढायचा.

५/२४
शर्यतीच्या गाड्यांना हे परवडणारे नव्हते. मोठी टाकी मागे आणि खाली ठेवावी लागे. तिथून पेट्रोल आपोआप पुढे येणे शक्य नव्हते. मग टाकीत हवेचा दाब भरून पेट्रोल पुढे ढकलले जाऊ लागले. त्या काळी चालकाशेजारी एक मेकॅनिक बसत असे. रस्त्यावर आणि मागून येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवण्याबरोबरच हातपंप मारून टाकीतील दाब टिकवणे हे त्याचे काम होते. शर्यतीच्या मोटारीचा पहिला इंधन पंप अशा प्रकारे माणसाच्या दंडाच्या बळावर चालत होता.

६/२४
१९२० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनाच्याच कॅमशाफ्टवर चालणारे पडद्याचे पंप प्रचलित झाले. लवचीक पडदा खाली-वर होतो, पेट्रोल ओढतो आणि पुढे ढकलतो. साधी, स्वस्त, टिकाऊ रचना. तिच्यात दोन उणिवा होत्या. दाब अगदी कमी, साधारण पाव बारच्या आसपास. शिवाय पंप इंजिनाजवळ असल्याने तो लांबच्या टाकीतून पेट्रोल खेचत असे. खेचताना नळीतील दाब घटतो, उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि वाफेचा बुडबुडा वाट अडवतो. उन्हाळ्यात घाटात बंद पडलेल्या जुन्या मोटारींच्या कथांमागे अनेकदा हाच बुडबुडा असे.

७/२४
कार्ब्युरेटरला मात्र एवढा दाब पुरत होता. त्याच्यात फ्लोट चेंबर नावाची एक छोटी कुपी असते. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट पातळी वाढली की सुईसारखी झडप बंद करतो आणि पातळी उतरली की उघडतो. पुढे अरुंद नळीतून वेगाने जाणारी हवा त्या कुपीतील पेट्रोल जेटमधून ओढून घेते. जुन्या पद्धतीच्या संडासाच्या टाकीतही पाण्याची पातळी अशाच तरंगत्या गोळ्याने राखली जाते. या रचनेत एक गृहीतक दडलेले आहे : पेट्रोल नेहमी कुपीच्या तळाशीच राहील. मोटारीत ते बहुधा खरे ठरते. लढाऊ विमानात नाही.

८/२४
१९३० च्या दशकात सर्वाधिक शक्तिमान पेट्रोल इंजिने विमानांत होती. ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचे २७ लिटरचे मर्लिन इंजिन होते. जर्मनीच्या मेसरश्मिट १०९ ई विमानात डाइम्लर-बेंझचे ३३.९ लिटरचे डीबी ६०१ होते. दोन्हींना बारा सिलिंडर, दोन्हींना सुपरचार्जर आणि दोन्हींची शक्ती हजार अश्वशक्तीच्या पुढे. महत्त्वाचा फरक इंधनाच्या वाटेत होता. मर्लिनवर कार्ब्युरेटर होता. डीबी ६०१ मध्ये पंप प्रत्येक सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारत होता.

९/२४
तो पंप स्टुटगार्टच्या बॉश कंपनीच्या परंपरेतला होता. रोबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ साली डिझेल इंजिनासाठी इंजेक्शन पंप विकसित करण्याचे ठरवले आणि १९२७ साली त्याचे नियमित उत्पादन सुरू केले. प्रत्येक सिलिंडरसाठी एक छोटा दट्ट्या. दट्ट्यावर तिरकी खाच. दट्ट्या स्वतःभोवती किंचित फिरवला की प्रत्येक फटक्यात जाणारे इंधन कमी-अधिक होते. दट्ट्या आणि त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकी असावी लागते. यंत्रशाळेच्या अचूकतेची ही परीक्षाच होती.

१०/२४
डिझेलचा पंप पेट्रोलला जसाच्या तसा चालत नाही. डिझेल स्वतः तेलकट असते. ते दट्ट्याला वंगण पुरवते. पेट्रोल उलट वंगण धुऊन काढते. त्यामुळे पेट्रोलच्या पंपात दट्ट्यांना वेगळे तेल पुरवण्याची आणि ते पेट्रोलपासून अलग राखण्याची व्यवस्था करावी लागली. डीबी ६०१ च्या बारा सिलिंडरांसाठी असे बारा दट्टे होते. या यंत्रणेत तरंगणारे काहीच नसल्यामुळे विमान सरळ आहे, कलते आहे की उलटे, याची पंपाला पर्वा नव्हती.

११/२४
जुलै ते ऑक्टोबर १९४० या काळातील ब्रिटनच्या हवाई लढाईत हा फरक जीवघेणा ठरू लागला. पाठलाग होत असलेला जर्मन वैमानिक विमानाचे नाक झटकन खाली दाबून सूर मारी. त्याच्यामागे स्पिटफायरनेही तसेच केले की वैमानिक पट्ट्यांत वर उचलला जाई आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोलही. कुपीच्या तळाशी असलेले जेट क्षणभर कोरडे पडत आणि इंजिन अडखळे. हा पहिला टप्पा होता. त्यातून इंजिन सावरले असते. दुसरा टप्पा अधिक घातक होता.

१२/२४
उलट्या जोरामुळे फ्लोट चुकीच्या बाजूला जाई आणि सुईची झडप पूर्ण उघडी राही. इंजिनावरचे पंप पूर्ण ताकदीने पेट्रोल ढकलत असत. कुपी तुडुंब भरे, इंजिनात पेट्रोलचा पूर येई, एक्झॉस्टमधून काळा धूर निघे आणि शक्ती नाहीशी होई. तेवढ्या वेळात शत्रू निसटे. कधी उलट फिरून गोळ्याही झाडी. ब्रिटिश वैमानिकांनी तोड काढली होती : आधी विमान अर्धे उलटे करायचे आणि मग ओढून सूर मारायचा, म्हणजे पेट्रोल तळाशीच राही. मात्र त्यात मोलाचे क्षण खर्ची पडत.

१३/२४
येथे एक समज तपासणे आवश्यक आहे. ‘जर्मन तंत्र आधुनिक आणि ब्रिटिश तंत्र मागासलेले’ असे सरसकट लिहिले जाते. रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांनी कार्ब्युरेटर अज्ञानापोटी ठेवला नव्हता. सुपरचार्जरपूर्वीच हवेत मिसळलेले पेट्रोल वाफ होताना मिश्रणाला थंड करते. थंड मिश्रण अधिक दाट असते आणि त्यातून अधिक शक्ती मिळते. थेट सिलिंडरमध्ये फवारले तर सुपरचार्जरला हा लाभ होत नाही. निवड विचारपूर्वक होती. तिची किंमत मात्र ज्या प्रसंगी चुकवावी लागली, तो प्रसंग युद्धाचा होता.

१४/२४
या प्रश्नावर उपाय काढणारी अभियंता होती बिअट्रिस शिलिंग. जन्म १९०९, हॅम्पशायरमधील वॉटरलूव्हिल येथे. पौगंडावस्थेतच मोटारसायकलचे वेड. मँचेस्टर विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी, त्या काळी स्त्रियांसाठी अत्यंत दुर्मीळ. १९३४ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर नॉर्टन मोटारसायकल ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने चालवून त्यांनी मानाचा ‘गोल्ड स्टार’ मिळवला. १९३६ पासून त्या फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी संशोधन संस्थेत होत्या. वेगवान यंत्र स्वतः चालवणारी आणि स्वतः खोलणारी ही व्यक्ती होती.

१५/२४
शिलिंग यांनी प्रश्नाची फोड केली. पेट्रोल कमी पडल्याचा पहिला धक्का क्षणिक होता. इंजिन बंद पडत होते ते नंतरच्या पुरामुळे. पूर येत होता, कारण पंप इंजिनाच्या कमाल गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देऊ शकत होते आणि त्यांना अडवणारी एकमेव गोष्ट, म्हणजे फ्लोटची झडप, निकामी होत होती. मग कार्ब्युरेटरपूर्वी नळीतच प्रवाह मर्यादित केला तर? पूर्ण शक्तीला जितके पेट्रोल लागते तितकेच जाऊ देणारे छिद्र. झडप उघडी राहिली तरी कुपी ओसंडून वाहणार नाही.

१६/२४
उपाय म्हणजे मध्ये मोजून भोक पाडलेला पितळेचा एक छोटा तुकडा. आरंभी टोपणासारखा, पुढे साध्या वॉशरसारखा. तो बसवण्यासाठी विमान सेवेतून काढावे लागत नव्हते. मार्च १९४१ पर्यंत शिलिंग आणि त्यांचे छोटे पथक तळांवर फिरून लढाऊ विमानांत हे तुकडे बसवीत होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की येथे पंप मोठा केला गेला नाही. त्याच्या प्रवाहावर मर्यादा घातली गेली आणि त्यातूनच विमानाची लढण्याची क्षमता वाढली.

१७/२४
सैनिकांनी त्या तुकड्याला ‘मिस शिलिंग्ज ऑरिफिस’ असे नाव दिले. त्यात कौतुक होते तसा द्व्यर्थी विनोदही होता. शिलिंग यांचा विवाह १९३८ सालीच झाला होता, हेही त्या ‘मिस’मध्ये विसरले गेले. उपाय तात्पुरता होता. विमान दीर्घकाळ उलटे उडवणे त्याने शक्य झाले नाही. त्यासाठी पुढे फ्लोटविना चालणारे दाबाचे कार्ब्युरेटर आले. तरी १९४१ सालच्या वैमानिकाला शत्रूमागे सरळ नाक खाली घालता आले ते या तुकड्यामुळे. शिलिंग यांनी युद्धानंतर मोटारींच्या शर्यतींतही भाग घेतला. त्यांचे निधन १९९० साली झाले.

१८/२४
युद्ध संपले आणि जर्मनीत विमानांची इंजिने बनवण्यावर बंदी आली. विमानांसाठी मिळवलेले ज्ञान मोटारींकडे वळले. युद्धकाळात डाइम्लर-बेंझमध्ये काम केलेले अभियंते हान्स शेरेनबर्ग गुटब्रॉड या छोट्या कंपनीत गेले. १९५० च्या दशकाच्या आरंभी गुटब्रॉड आणि गोलिआथ या कंपन्यांच्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मोटारींत बॉशचे थेट इंजेक्शन दिसले. मेसरश्मिटचे तंत्र असे प्रथम एका चिमुकल्या कुटुंबाच्या गाडीत उतरले. १९५२ साली शेरेनबर्ग डाइम्लर-बेंझमध्ये परतले.

१९/२४
त्याच वर्षी मर्सिडीजच्या ३०० एसएल या शर्यतीच्या गाडीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. तिच्या तीन लिटरच्या इंजिनावर कार्ब्युरेटर होते आणि शक्ती सुमारे १७० अश्वशक्ती. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तिची विक्रीसाठीची आवृत्ती आली, वर उघडणाऱ्या पंखांसारख्या दारांची. तिच्यात कार्ब्युरेटरऐवजी बॉशचा सहा दट्ट्यांचा पंप होता आणि शक्ती २१५ अश्वशक्ती. ज्या आलिशान सेदानच्या इंजिनापासून हे सारे सुरू झाले, तिची शक्ती होती ११५. रस्त्यावरची गाडी शर्यतीच्या गाडीपेक्षा सरस निघाली. त्यात पंपाचा वाटा मोठा होता.

२०/२४
त्या पंपाला एक खोड होती. तो इंजिनाला यांत्रिकरीत्या जोडलेला असल्याने किल्ली बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पेट्रोल फवारत राही. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन खाली उतरे आणि इंजिन ऑइल पातळ करी. त्यामुळे ऑइल वारंवार बदलावे लागे. शिवाय असा पंप अतिशय महाग. यावर उत्तर होते विजेने चालणारी, गरजेप्रमाणे क्षणात बंद होणारी यंत्रणा. १९५७ साली अमेरिकेत बेंडिक्सने तसा प्रयत्न केला. तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक भाग त्यासाठी पुरेसे भरवशाचे नव्हते. १९६७ साली बॉशने फोक्सवॅगन १६०० साठी डी-जेट्रॉनिक आणले. त्यामागची प्रेरणा वेगाची नव्हती. कॅलिफोर्नियातील धुराविषयीचे कडक होत चाललेले नियम हे मुख्य कारण होते.

२१/२४
डी-जेट्रॉनिकबरोबर पंपाची जागा आणि स्वभाव दोन्ही बदलले. विजेचा पंप टाकीजवळ गेला. खेचण्याऐवजी ढकलू लागला. दाब पाव बारवरून सुमारे दोन बारवर गेला आणि वाफेच्या बुडबुड्याचा त्रास बराच आटोक्यात आला. पुढे पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडवला जाऊ लागला. भोवतालचे पेट्रोल त्याला थंड ठेवते. टाकी सतत तळाला जाऊ देऊ नये, हा मेकॅनिकचा सल्ला याच कारणाने दिला जातो.

२२/२४
टर्बोचार्जरने प्रश्न पुन्हा उभा केला. इंजेक्टरच्या एका टोकाला पंपाचा दाब असतो, दुसऱ्या टोकाला इंजिनात शिरणाऱ्या हवेचा. टर्बोने हवेचा दाब एक बारने वाढवला तर तेवढेच पेट्रोल जाण्यासाठी पंपाचा दाबही एक बारने वाढावा लागतो, तीनचा चार. आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. म्हणजे सर्वाधिक पेट्रोल हवे असते नेमक्या त्याच क्षणी पंप सर्वाधिक दमलेला असतो. १९८९ साली आलेली निसान स्कायलाइन जीटी-आर हे याचे उत्तम उदाहरण. जपानी कंपन्यांच्या आपसांतील समजुतीमुळे कागदावर २८० अश्वशक्ती. शर्यतीच्या आवृत्तीत ५०० च्या पुढे. जपानच्या ग्रुप ए मालिकेत १९९० ते १९९३ दरम्यान तिने २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या.

२३/२४
रस्त्यावरच्या जीटी-आरची शक्ती वाढवू पाहणाऱ्या तरुणांना मात्र एक साधे गणित आडवे येई. टर्बो इंजिनाला पूर्ण भारावर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरले, तर २८० अश्वशक्तीला तासाला सुमारे १०० लिटर आणि ५०० ला १८० लिटर लागते. मूळ पंप हे देऊ शकला नाही तर इंजिन आधी जोमाने धावते आणि मग विरळ मिश्रणाने पिस्टन वितळतो. म्हणून जाणकार मेकॅनिक टर्बोच्या आधी पंप बदलतात, टाकीपर्यंतची बारीक तार बदलून पूर्ण व्होल्टेज पोहोचते का ते पाहतात आणि वाढलेल्या दाबावर प्रवाह मोजतात. डब्यावर छापलेला लिटरचा आकडा त्यांना पुरेसा वाटत नाही.

२४/२४
२०१४ साली फॉर्म्युला वनने नियमच केला : इंजिनाला तासाला १०० किलोहून अधिक वेगाने इंधन जाता कामा नये. त्या वर्षीच्या मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत दुसरा आलेला डॅनियल रिकार्डो याच मर्यादेच्या भंगामुळे बाद झाला. शक्ती आवरायची तर इंधनाची वाट आवरावी, हे शिलिंग यांच्या पितळी तुकड्यामागचे तत्त्वच तिथे नियम म्हणून आले. या कथेचा एक धागा महाराष्ट्रातही पोहोचतो. बॉशच्या तंत्रावर आधारलेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे ‘मायको’, १९५१ साली बंगळुरूत स्थापन झाली. पुढे तिच्या नाशिकच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. हजारांश मिलिमीटरची ती अचूकता नाशिकच्या कामगारांच्या हातांनी आत्मसात केली. शहरातल्या मायको सर्कलच्या नावात ती कंपनी आजही आहे. किल्ली फिरवल्यावर टाकीतून येणाऱ्या त्या गुणगुणीमागे चढावर उलटी जाणारी मॉडेल टी आहे, हातपंप मारणारा मेकॅनिक आहे, १९४० चे काळे धूर सोडणारे स्पिटफायर आहे आणि त्याला सावरणाऱ्या बिअट्रिस शिलिंगही आहेत.

#थ्रेडसमाप्त